मंगवरचं टिंब

हाशिम वायंडरला कुणी "कसं काय?" विचारलं की तो "थकलो" म्हणतो. गेली कित्येक वर्षं त्याचं हेच उत्तर आहे, त्यामुळे लोकांना ती तक्रार वाटत नाही, सलामाचा जवाब वाटतो. परतूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं मोटार भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, करपलेली तार तोडून काढायची, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी करून एकेका खाचेत बसवायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं आणि शेतकऱ्याच्या हवाली करायची, याला आपल्याकडे मोटार भरणं म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्या हाशिमनं आजवर किती मोटारी भरल्या हे त्याला विचारू नये. तो मान चोळतो आणि "मानेला विचारा" म्हणतो.

पण खरं सांगायचं तर मोटारींनी त्याला जेवढं दमवलं नाही तेवढं 'मोटार कट्ट्या'नं दमवलं.

मोटार कट्टा हा इंटरनेटवरचा कट्टा. जालना, परभणी, बीड या बाजूचे मोटार भरणारे, बोअरमधून पाणबुडी मोटार वर काढणारे, स्टार्टर दुरुस्त करणारे असे सगळे लोक त्यावर. आधी नुसता मोबाईलवरचा ग्रुप होता. तिथं सकाळी गुलाबाची फुलं यायची आणि दिवसभर एकच प्रश्न यायचा, "मोटार गरम होऊन राह्यली, काय करू?" हाशिम रोज उत्तर द्यायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी तोच प्रश्न विचारायचा. शेवटी वैतागून त्यानं एक फुकटातली वेबसाइट उघडली, की ज्याला जे येतं ते त्यानं एकदाच नीट लिहून ठेवावं आणि बाकीच्यांनी वाचावं. लोकांनी लिहिलं. सुंदर लिहिलं. आणि वाचायचं सोडून ग्रुपवर विचारत राहिले, "मोटार गरम होऊन राह्यली, काय करू?" ॲडमिन व्हायला हाशिमला सुरुवातीला फार आवडलं होतं. पुढं पुढं हा शब्द कानावर आला तरी त्याची मान दुखायची.

कट्ट्यावरचे सगळ्यांत जास्त वाचले गेलेले लेख मात्र ज्याच्या नावावर होते, त्यानं जन्मात एक ओळ लिहिली नव्हती. तातेराव मंगनाळे हा मंठ्याचा माणूस, बोअरमधून मोटारी काढायचं काम करायचा. बोटं एवढी जाड की मोबाईलच्या एका अक्षरावर एक टेकवलं तर तीन उमटायची. तेव्हा तो सांजच्याला ओसरीवर बसून फोन लावायचा, इकडे हाशिम दुकानात फोन स्पीकरवर टाकायचा, आणि तातेराव बोलेल ते टाइप करायचा. बोलून झालं की तातेराव म्हणायचा, "आता वाच. मला आइकू दे." हाशिम वाचायचा. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की पलीकडून आवाज यायचा, "मी असं म्हणलो न्हाई हाशिम्या."

एकदा हाशिमनं 'मंग'च्या जागी 'नंतर' लिहिलं होतं. त्यावर तातेरावानं त्याला चांगलाच फैलावर घेतला.

"नंतर म्हंजी उद्या बी चालतंय. मंग म्हंजी लगीच, हे झालं की ते. माझ्या लेखातलं मंग काढलं तर वाचणारा फ्यूज बघायच्या आधी मोटार वर काढून बसंल. ठेव माझं मंग."

हाशिमनं ठेवलं. त्यानंतर त्यानं तातेरावाच्या एकाही शब्दाला हात लावला नाही. या दोघांची मैत्री म्हणजे एवढीच, एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं टिपायचं. भेटी फार कमी झाल्या. पण कुणाचं बोलणं रोज शब्दाशब्दानं टिपायचं म्हणजे त्या माणसाचा श्वास कुठं पडतो तेही कळायला लागतं.

मागच्या उन्हाळ्यात तातेराव छातीत कळ येऊन गेला. बोअरवर नव्हे, घरीच, जेवून हात धुताना. हाशिम मातीला गेला, परत आला, आणि त्या दिवशी दुकानात आलेली मोटार त्यानं उलटी भरली. तार पुन्हा काढावी लागली. असं त्याच्या हातून कधी होत नाही.

पुढं दिवाळीच्या सुमारास त्या फुकटातल्या वेबसाइटवाल्यांचं पत्र आलं, की आम्ही दुकान बंद करतो आहोत, तुमचं सामान उचलून न्या. हाशिमला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. जाऊ दे बंद, मीही सुटतो, असंच तो सबिहाला, त्याच्या बायकोला म्हणाला. पण ग्रुपवर ही बातमी टाकली तशी जो कधी वेबसाइटकडे फिरकला नव्हता तोही हळहळायला लागला. राधेश्याम शेठ तर उठून दुकानातच आले. शेठचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पंप आणि पाइपांचं मोठं दुकान आहे, आणि कट्ट्यावर ते पहिल्या दिवसापासून होते.

"हाशिमभाई, पुस्तक काढू," शेठ म्हणाले. "कागदावर आलं की कोणी बंद करू शकत नाही. चांगले चांगले लेख निवडा. छपाईचं मी बघतो, हॉल मी बघतो. तुम्ही फक्त लेख जमवा."

फक्त लेख जमवा! ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना या 'फक्त'चं वजन माहीत आहे. एकेका लेखकाला फोन करा, त्याची परवानगी घ्या, एकानं दुसऱ्याचं चोरलं असेल तर त्यांचं भांडण ऐका, ज्याचा लेख घेतला नाही त्याचा रुसवा काढा, फोटो आहे तर तो अंधुक आहे, आकृती आहे तर ती बिस्किटाच्या पुड्यावर काढलेली आहे. त्यात रब्बीला पाणी चालू झालं. पाणी चालू झालं की मोटारी जळतात. दुकानापुढं मोटारींची रांग आणि डोक्यात लेखांची. हाशिमच्या नाकीनऊ आले. वार्निशच्या वाफेनं आधीच त्याचे डोळे चुरचुरायचे, आता त्यांतून सारखं पाणी गळायला लागलं.

"अब बस करो ना जी," सबिहा म्हणायची. "ये किताब तुमकू खा जाती."

तरी मंठ्याला मात्र तो स्वतः गेला. बाकीच्यांची परवानगी फोनवर घेतली, तातेरावाची फोनवर कशी घेणार? ओसरीवर तातेरावाची बायको बेबीनंदा गहू निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवून त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"छापा की," ती म्हणाली. "पण हाशिमभाऊ, त्यांच्या तोंडचं हाय तसं ऱ्हाऊ द्या. मी आत भाकरी थापून राह्यले का हे हितं बसून तुमच्याशी बोलायचे, ते मला आत आइकू यायचं. आता साक्षी मोबाईलातून वाचून दावती, तव्हा वाटतं हितंच बसलेत. फोटू हायेत लई. आवाज कुठंच न्हाई धरून ठिवलेला. ते वाचलेलंच हाय काय ते."

"वहिनी, जबान देतो," हाशिम म्हणाला. "एक अक्षर न्हाई बदलणार."

हे तो मनापासून म्हणाला होता. माणूस जबान देतो तेव्हा मनापासूनच देतो, मोडतो तेव्हा मात्र दमलेला असतो.

मोडली ती अशी. पुस्तक जालन्याच्या एका छापखान्यात द्यायचं ठरलं. त्याच्या आदल्या आठवड्यात शेठ सगळे लेख वाचून आले आणि जरा चिंतेत पडून म्हणाले, "हाशिमभाई, मोबाईलवर काहीही चालून जातं. पण पुस्तक म्हणजे पुस्तक. हे न्हाई, मंग, जल्दी, खर्चा... बाहेरचे लोक वाचतील ना. हसतील. म्हणतील, अडाण्यांनी काढलंय. भाषा शुद्ध पाहिजे."

आता गंमत बघा. शेठ घरी मारवाडी बोलतात. हाशिम घरी उर्दू बोलतो. आणि या दोघांनी मिळून मंठ्याच्या तातेराव मंगनाळ्याची मराठी शुद्ध करायला घेतली.

शेठनी नुसतं सुचवलं होतं. हाशिमनं "न्हाई जमणार" म्हटलं असतं तर ते मुकाट बसले असते, तेवढा मान त्याला होता. पण 'हसतील' हा शब्द हाशिमला नको तिथं लागला. शाळेत असताना त्यानं निबंधात लिहिलं होतं, "मंग घंटी वाजते." बाहेरगावाहून आलेल्या गुरुजींनी ते मोठ्यानं वर्गाला वाचून दाखवलं, "ऐका, हाशिममियांची मराठी ऐका." सगळा वर्ग हसला. घरी मंगच म्हणणारी पोरंसुद्धा हसली. त्यांचं मंग हे मंग होतं, हाशिमचं मंग ही चूक होती. तेव्हापासून कागदावर मराठी लिहायची वेळ आली की हाशिमचा हात जरा आखडतो. पुस्तकावर संपादक म्हणून त्याचं नाव जाणार होतं. लोक तातेरावाला हसणार नाहीत, मला हसतील, असं त्याच्या मनानं घेतलं.

छापखान्यात अर्पिता नावाची मुलगी कॉम्प्युटरवर बसायची. हुशार, कामाला वाघ. हाशिम तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि डोळे पुसत एकेक शब्द सांगत गेला. न्हाईचं नाही कर. जल्दीचं लवकर कर. खर्चाचं खर्च कर. समदंचं सगळं कर. मंगचं मग कर.

"काका, सगळीकडं एकदम बदलू, का एकेक जागा बघून?" अर्पितानं विचारलं.

एकेक जागा! हाशिमनं पडद्यावरच्या त्या लांबलचक पुस्तकाकडे पाहिलं. दुकानापुढच्या मोटारी त्याच्या डोळ्यांपुढं आल्या.

"सगळीकडं," तो म्हणाला.

तातेरावाच्या लेखांपाशी तो थबकला नाही असं नाही. थबकला. मग त्यानं मनाशी हिशेब मांडला, की अर्थ तर तोच राहतो. मंग काय आणि मग काय. वहिनी काही अक्षरं तपासत बसणार नाहीत. अर्पितानं बटण दाबलं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पुस्तक शुद्ध झालं.

निघताना तिनं कागदांचा गठ्ठा हातात दिला. "काका, एकदा डोळ्याखालून घाला आणि मगच छापा म्हणा." तो गठ्ठा हाशिमच्या दुकानात वार्निशच्या डब्याखाली पडून राहिला. आज बघू, उद्या बघू. मधे वेबसाइटही ठरल्याप्रमाणे बंद झाली. शेवटी छापखान्यातून फोन आला तेव्हा हाशिमच्या मांडीवर उघडी मोटार होती आणि खांद्यानं त्यानं फोन कानाशी धरला होता. "हां, बराबर आहे, छापा," तो म्हणाला.

प्रकाशन परतूरच्याच एका मंगल कार्यालयात होतं. लग्नाची तिथी नव्हती म्हणून शेठना हॉल सहज मिळाला. सकाळीच टेम्पोतून पुस्तकांचे गठ्ठे आले. हाशिमनं सुतळी तोडली. मुखपृष्ठ दुसरीकडून करून घेतलं होतं, ते झकास होतं, वर 'मोटार कट्टा', खाली सगळ्या लेखकांची नावं, त्यात पहिलं तातेराव मंगनाळे. हाशिमला बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं होतं! त्यानं पान उलटलं. आत लेखाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, तातेराव मगनाळे.

आधी वाटलं डोळ्यांतल्या पाण्यानं तसं दिसतंय. त्यानं डोळे पुसले. मगनाळेच होतं. त्यानं भराभर पानं उलटली. एका लेखात कुणी मगळवारच्या बाजारातून बेअरिंग आणलं होतं. एकानं मगल कार्यालयाच्या बोअरची हकिकत सांगितली होती, आणि ती वाचणारा हाशिम मंगल कार्यालयातच बसलेला होता. 'जल्दीत फ्यूज टाकू नका' असं होतं तिथं 'लवकरत फ्यूज टाकू नका' झालं होतं. खर्चाचा भाग आता खर्चचा भाग होता. बटणानं सांगितलेलं काम इमानानं केलं होतं. जिथं जिथं मंग दिसलं तिथं तिथं त्यानं ते खाल्लं होतं. मंगळवारातलं, मंगलातलं आणि मंगनाळ्यांतलंही.

त्यानं अर्पिताला फोन लावला.

"काका, नावात पण मंग आहे ना," ती बिचारी रडवेली झाली. "तुम्ही सगळीकडं म्हणालात. मला पण लक्षात नाही आलं."

"पहिलेवाली फाइल असंल ना बेटा?"

"त्याच्यावरच सेव्ह झाली, काका."

त्यानं मोबाईलवर वेबसाइट उघडून पाहिली. कोरं पान आलं. नाव चुकलं हे वाईटच, पण नावाला चिठ्ठी चिकटवता येते. तातेरावानं 'ठेव माझं मंग' म्हणून राखायला दिलेली चीज आता जगात कुठंच उरली नव्हती. सबिहा पाहुण्यांच्या चहाचं बघत होती, ती त्याचा चेहरा बघून जवळ आली. त्यानं सांगितलं.

"भाभी आती तो उनकू सच बोल देव," ती म्हणाली. "और क्या कर सकते?"

बेबीनंदा आणि तिची मुलगी साक्षी मंठ्याहून बसनं आल्या. शेठनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि पुस्तक हातात दिलं. बेबीनंदानं ते आधी कपाळाला लावलं. मग वरच्या नावांवरून हात फिरवला. हाशिम बाजूच्या खांबाला टेकून उभा होता. पुढं व्हावं, सांगून टाकावं, असं मनात चाललं होतं, आणि गठ्ठ्याची तोडलेली सुतळी तो बोटाला गुंडाळत होता.

"साक्षी, वाच गं," बेबीनंदा म्हणाली. "ते मोटार फिरना झाली ते वाच."

साक्षी हळू आवाजात वाचायला लागली. "लाथ मारू नका. तिचा काई दोष नाही... लवकर बंद करा. मग डीपीकडं बघा. मग फ्यूज..."

बेबीनंदा डोळे मिटून ऐकत होती. तिनं डोळे उघडले. "हे कोणाचं काढलं गं?"

"पप्पांचंच."

"न्हाई. दुसऱ्याचं पान निघालं. त्यांचं काढ."

साक्षीनं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं, वरचं नाव बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून बघतच राहिली. बेबीनंदा मान पुढं करून शांतपणे वाट बघत होती, की पोरीला आता सापडेल. हाशिमला ते बघवेना. इतकी वर्षं तो थकलो थकलो म्हणत आला होता, पण थकणं म्हणजे काय ते त्याला त्या खांबापाशी कळलं. बसावंसंही वाटत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं.

तेवढ्यात शेठनी माइकवरून त्याचं नाव पुकारलं. संपादकांनी दोन शब्द बोलावेत, आणि आपले दिवंगत तातेराव यांचा एखादा लेख वाचून दाखवावा.

हाशिम वर गेला. त्यानं पुस्तक उघडलं, डोळे पुसले, तोच लेख काढला आणि वाचायला सुरुवात केली. डोळ्यांना 'नाही' दिसलं. तोंडातून 'न्हाई' आलं. त्यानं ते ठरवून केलं नाही. जे बोलणं एकदा कानानं टिपलं, एकदा बोटांनी टाइप केलं आणि एकदा फोनवर परत वाचून दाखवलं, ते त्याच्या तोंडात मुरलेलं होतं. कागद त्याच्या मधे आलाच नाही.

"मोटार पाणी टाकना झाली का मानूस पहिलं स्टार्टरला लाथ मारतो. लाथ मारू नका. तिचा काई दोष न्हाई. गुमान पाइपाला कान लावा. गुणगुणून राह्यली आन् फिरना झाली, तर एक फेज गेला म्हून समजा. जल्दी बंद करा. मंग डीपीकडं बघा. मंग फ्यूज. मंग जॉइंट. समदं बघून झालं, तरी न्हाईच फिरली, तर मंग मोटार वर काढायचा खर्चा करा."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आरं, तात्या आला!" सगळा हॉल हसला. बोअर काढणारे, वायरी ओढणारे, हात काळे असलेले लोक मोकळेपणानं हसले, आणि हसता हसता काहींनी बाहीनं डोळेही पुसले. हाशिम ज्या हसण्याला जन्मभर भ्याला होता ते हे नव्हतं. राधेश्याम शेठ हातातल्या पुस्तकावर बोट ठेवून ओळीमागून ओळ बघत होते. त्यांनी हाशिमकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं आणि हळूच पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

बेबीनंदानं साक्षीला कोपरानं ढोसलं. "हेच की गं. त्यांना सापडलं बघ. तुला कसं सापडंना?"

"आई," साक्षी म्हणाली, "हितं तसं न्हाई छापलेलं."

कार्यक्रम संपला, चहा झाला, लोक पांगले. मंगल कार्यालयाची माणसं खुर्च्या उचलायला लागली. बेबीनंदा मात्र आपल्या खुर्चीवरून उठली नव्हती. हाशिम तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, जबान मोडली मी," तो म्हणाला. "लोक हसतील म्हून बदललं. त्यांना न्हाई, मला हसतील म्हून. आन् कागद वाचायची बी तसदी न्हाई घेतली. नाव बी गेलं त्यात."

शेजारची खुर्ची एकानं उचलली, दुसरी उचलली.

"म्हंजी पुस्तकात न्हाईत ते," ती म्हणाली. "तुमच्या तोंडात हायेत."

"हां."

"मंग तुम्ही येसाल का रोज मंठ्याला वाचून दावायला?"

ती रागानं म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती.

तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. बराच वेळ तो उघड्या पानाकडे बघत राहिला. आणि बघता बघता त्याला एक दिसलं, एवढं सोपं की त्याला स्वतःचीच चीड आली. त्यानं खिशातलं पेन काढलं, ज्यानं तो मोटारीच्या पाट्यांवर नावं घालतो ते. 'मग'मधल्या म वर त्यानं एक टिंब दिलं. मंग झालं. पुढच्या म वर दिलं. मंग झालं. मग लेखाच्या डोक्यावर गेला आणि मगनाळ्यांना टिंब दिलं.

"बघा वहिनी. मंगनाळे."

बेबीनंदा वाकून बघायला लागली. 'खर्च'ला त्यानं एक काना ओढला. 'नाही'पाशी मात्र पेन थांबलं. नाहीचं न्हाई करायला कागदावर जागा नव्हती. तिथं खाडाखोड केली असती तर अक्षरच गेलं असतं.

"'न्हाई' न्हाई येत यात," तो म्हणाला. "टिंब तेवढं देता येतंय. बाकीचं गेलं, वहिनी."

"मंग येतंय ना?"

"मंग येतंय."

तिनं ते टिंब बोटानं चाचपून पाहिलं. शाई ओली होती, बोटाला लागली. भिंतीशी सुतळीत बांधलेले बाकीचे गठ्ठे पडले होते. तिनं तिकडे मान वळवली.

"ती समदी तशीच हायेत?"

"समदी."

हाशिमनं गठ्ठ्यांकडे पाहिलं. प्रत्येक पुस्तक, प्रत्येक पान, प्रत्येक म. काही मग दुसऱ्यांची होती, ज्यांनी खरंच मगच लिहिलं होतं, त्यांना हात लावून चालणार नव्हतं. कुठलं मंग तातेरावाचं, हे ओळखणारा तो एकटाच होता. आज हे सगळं संपणार, उद्यापासून ॲडमिन नाही, संपादक नाही, नुसत्या मोटारी, असं तो सकाळी सबिहाला सांगून निघाला होता. सबिहा दारात चहाची भांडी आवरत उभी होती. तिनं एकदा गठ्ठ्यांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि दोन खुर्च्या परत आणून ठेवल्या.

"मला पुरं वाचता येत न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "चवथीत शाळा सुटली. पण टिंब देता येतंय. तुम्ही बोट ठिवा."

तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं. हाशिमनं पान उलटलं आणि म खाली बोट ठेवलं. तिनं जपून, कपाळाला कुंकू लावावं तसं, एक टिंब दिलं. त्यानं बोट पुढं सरकवलं. तिनं दुसरं दिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते वार्निशचं नव्हतं. मान ठणकत होती. गठ्ठ्यांतलं हे पहिलंच पुस्तक होतं, आणि त्याचंही पहिलंच पान. बोट तिथंच ठेवून तो क्षणभर थांबला.

"थकले का, भाऊ?" तिनं विचारलं.

"थकलो, वहिनी."

तिनं मान वर केली नाही. पेन तसंच कागदावर धरून ती म्हणाली, "मंग?"